ओढ एक्याण्णव

या, बसा. जरा इकडं सरकून बसा, तिथं वारा लागत नाही. घाईत असाल तर आत्ताच सांगा, कारण ही गोष्ट अर्ध्यावर टाकून उठायची नाही. आडवण्याच्या खाडीत घडलेली आहे, सन दोन हजार अडतीस साली. हिच्यात भूत नाही की दरोडा नाही. एक कागद आहे. कागदाची कसली आलीय गोष्ट, म्हणाल. ऐका तर खरं, मग बोला.

आडवण्याला खाडीच्या तोंडाशी सरकारचं एक संशोधन केंद्र होतं. कौलारू इमारत, एक लाँच, सतरा माणसं. तिथल्या मोठ्या डॉक्टर म्हणजे सरोज मायनाक. वय त्रेपन्न. इथल्याच, वरच्या वाडीतल्या. लहानपणी आईबरोबर ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, काढायला चिखलात उतरलेल्या. पुढं शिकल्या त्या पण त्याच तिसऱ्यांवर. म्हणजे त्यांच्यातल्या विषावर.

विष कसलं, ते सांगतो. समुद्रात डोळ्याला न दिसणारं एक बारीक शेवाळ असतं. कधीकधी ते एकदम माजतं आणि खाडीचं पाणी लालसर होतं, चहा सांडल्यासारखं. तिसरी दिवसभर पाणी गाळत बसते, तेव्हा ते शेवाळ तिच्या पोटात जातं आणि विष तिच्या मांसात साठतं. तिला काही होत नाही. ते होतं खाणाऱ्याला. आधी ओठांना मुंग्या, मग जीभ जड, मग हात, आणि जास्त गेलं असेल तर श्वास. कितीही उकळा, ते जात नाही. म्हणून पाणी लाल झालं की सात दिवस बंदी. आठव्या दिवशी विक्री चालू. हा सात दिवसांचा नियम साऱ्या किनाऱ्याला होता, आणि तो आला होता सरोजबाईंच्या पेपरातून.

आता पेपरचं सांगतो. शास्त्रज्ञ काही शोधतो तेव्हा ते लिहून छापतो, त्याला म्हणायचं पेपर. पेपरच्या शेवटी यादी असते, मी कुणाकुणाच्या कामावर टेकलो त्याची. पूर्वी सरकार नुसतं मोजायचं, कुणाचं नाव किती याद्यांत आलं. जास्त नावं तो मोठा. मग काय, माणसं हुशार. लग्नातल्या आहेरासारखं सुरू झालं. तू माझं नाव घाल, मी तुझं घालतो.

हे बंद करायला 'उगम' नावाचं यंत्र आलं. ते नुसतं मोजत नव्हतं. त्यानं जगातले सगळे पेपर वाचले, कोट्यवधी, आणि त्यांचं एक जाळं विणलं. मग एकेक गाठ सोडून बघायचं, की ही गाठ नसती तर जाळं किती ढिलं पडलं असतं. हा पेपर लिहिलाच गेला नसता तर पुढचे किती लिहिले गेले नसते, किती नियम निघाले नसते, किती पुस्तकांतले धडे बदलले असते. त्याचा शंभरात एक आकडा यायचा. त्याला नाव ठेवलं होतं ओढ. ओढ बारा, ओढ तीस, असं. काम चोख होतं यंत्राचं, खोटं कशाला बोलू. ओढ किती, ते बरोबर सांगायचं. ओढ कुठं नेते, ते त्याचं काम नव्हतं.

त्या वर्षी सरकारनं ठरवलं, ज्या केंद्राच्या एकाही पेपरची ओढ चाळीसला पोचत नाही ते केंद्र बंद. यादी लागली एप्रिलच्या शेवटी. आडवण्याच्या केंद्रातले बाकी सगळे पेपर पाच, सात, अकरा असे. पण सरोजबाईंचा चोविसाव्या वर्षी लिहिलेला पहिला पेपर निघाला ओढ एक्याण्णव. त्या एका कागदानं सगळं केंद्र वर उचललं. सतरा माणसांच्या चुली राहिल्या. लाँच चालवणारे इस्माईलभाई होडेकर घरून वाफवलेली गोड सांदणं घेऊन आले. बाईंना म्हणाले, मॅडम, तुम्ही चोविसाव्या वर्षी एवढं केलंत, मी तेव्हा लाँच दगडावर चढवली होती. सगळे हसले. बाईही हसल्या.

खाडीचं पाणी दोनच दिवसांपूर्वी लाल झालं होतं. बंदी चालू होती, दिवस दुसरा.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई चहा घेऊन पडद्यासमोर बसल्या. उगम नुसता आकडा देत नाही, माग पण दाखवतो. कुठून धागा आला, कुठं गेला, सगळा नकाशा. कौतुकानं बघायलाच बसल्या होत्या. त्यांच्या पेपरातून दोनशे चौदा पेपर निघालेले. त्यांतून सरकारी आदेश निघालेला. आणि हे सगळं पेपरातल्या एकाच ओळीला लटकलेलं. ओळ अशी, की शिंपल्यांतलं विष सात दिवसांत उतरतं. तिच्यापुढं आठल्ये सरांचं नाव, कारण ते मोजमाप मूळचं सरांचं.

आता इथं एक रीत सांगायला पाहिजे. आठल्ये सर म्हणजे बाईंचे गुरू. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या प्रत्येकानं पेपरच्या पहिल्या परिच्छेदात सरांचं नाव घालायचं, हा मान होता. आणि तो परिच्छेद कुणी नव्यानं लिहायचं नाही. पुढच्यानं मागच्याला द्यायचा, जसं थोरल्याचं दप्तर धाकट्याला मिळतं. जनावराचं नाव बदलायचं, खाडीचं नाव बदलायचं, बाकी जसंच्या तसं. सरोजबाई पहिल्या विद्यार्थिनी, म्हणून तो परिच्छेद त्यांचा. तीस वर्षं तो हातोहात फिरला. ती पोरं पुढं आणखी लांब शिकायला गेली, तिथंही घेऊन गेली.

नकाशावर बाईंच्या ओळीतून पुढं जाणारे धागे चांगले जाड होते. मागं सरांच्या अहवालाकडं जाणारा एकच होता, बारीक, करडा. त्याच्यावर बोट ठेवलं तर उगमनं लिहून दाखवलं, की मूळ स्रोताशी जुळणी अपुरी, आणि पुढच्या दोनशे चौदांपैकी एकानंही मूळ स्रोत उघडल्याची खूण नाही.

बाईंचा चहा तसाच राहिला. त्यांनी कपाट उघडलं. सरांचा तो अहवाल टंकलेला होता, मराठीत, त्याच्या जगात मिळून वीसेक प्रती असतील. सोळाव्या पानावर ओळ सापडली. थंडीच्या दिवसांत, पाणी चोवीस अंशांच्या खाली असताना, विष सात दिवसांत उतरतं. गरम पाण्याचं मोजलेलं नाही.

आणि मग त्यांना आठवलं. संपादकानं कळवलं होतं, चाळीस शब्द कमी करा. दुपारची एसटी गाठायची होती, पेपर टपालात पडायला हवा होता. पेन घेऊन त्यांनी इथून दोन शब्द, तिथून चार असे उडवले. त्यातच ही अर्धी ओळ गेली. तेव्हा पाणी लाल व्हायचं ते थंडीतच, म्हणून ती फालतू वाटली. उन्हाळ्यात लाल झालेलं कुणी पाहिलंच नव्हतं. ते आत्ता, गेल्या दोन-तीन वर्षांत सुरू झालं.

बाई बाहेर आल्या आणि धक्क्यावर जाऊन पाण्यात तापमापी सोडली. एकतीस अंश.

चौथ्या दिवशी तिसऱ्या आणून तपासल्या. पाचव्या दिवशी परत. सहाव्या दिवशी परत. विष उतरत नव्हतं. गरम पाण्यात ते शेवाळ मरत नाही, तळाच्या चिखलात बी टाकून बसतं, आणि तिसरीला रोज नवं विष मिळतं. सातव्या दिवशी सकाळी आकडा आला, खायला चालतं त्याच्या अडीचपट. त्या आठवड्यात बाईंनी एकही तिसरी तोंडात घातली नव्हती, तरी मधूनच ओठ चावून बघायच्या, मुंग्या येतात का. हात धुवायच्या, पुसायच्या, परत धुवायच्या. घरी धाकट्या बहिणीनं विचारलं काय झालंय, तर म्हणाल्या काही नाही, पित्त.

त्यांनी राजधानीतल्या साहेबांना फोन लावला. नाचणकर साहेब, सगळी केंद्रं त्यांच्या हाताखाली. माणूस वाईट नाही. सगळं नीट ऐकून घेतलं, मग समजुतीनं बोलले. म्हणाले, नियमामागं दोनशे चौदा पेपर उभे आहेत. तुमच्याजवळ एका खाडीचे चार दिवसांचे आकडे आहेत. नियम ठरवणाऱ्या समितीपुढं ठेवलं तर समिती उगमला विचारणार. उगम सांगणार, जुन्याची ओढ एक्याण्णव, नव्याची शून्य, कारण नव्याचं नाव अजून कुणीच घेतलेलं नाही. बाईंनी विचारलं, पेपरच मागं घेतला तर. साहेबांनी हिशेब मांडला.

"मायनाक मॅडम, एक्याण्णव काढून घेतले तर तुमच्या केंद्राकडं काय उरतं? अकरा. जूनपर्यंत थांबा. पाऊस आला की पाणी आपोआप गार होईल."

बंदी उठायची होती दुसऱ्या दिवशी सकाळी.

दुपारी बाई लाँचनं पलीकडच्या काठाला गेल्या, आठल्ये सरांकडं. सर शहाऐंशीचे. पडवीत आरामखुर्चीत, गुडघ्यावर पंचा. बाईंना वाटत होतं, सरांना धक्का बसेल, कसं सांगावं. वाटभर शब्द जुळवत होत्या. अहवाल पुढं ठेवला, सोळावं पान उघडलं. सरांनी चष्मासुद्धा शोधला नाही.

"तुझा पेपर छापून आला त्याच आठवड्यात दिसलं होतं मला," सर म्हणाले.

बाईंना आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. मग विचारलं, मग बोलला का नाहीत.

"सरोज, तो अहवाल वीस जणांनी वाचला असता. तुझ्या त्या ओळीनं माझं नाव जपानपर्यंत गेलं. मला तिकडं बोलावलं, शाल दिली. मी काय म्हणणार होतो? की पोरीनं माझं अर्धंच वाक्य घेतलं?" मग म्हणाले, "आणि पाणी गारच असायचं गं तेव्हा."

त्यांनी चहा घेऊन जा म्हटलं. बाई थांबल्या नाहीत. तडक लाँचवर येऊन बसल्या.

परत येताना बाईंनी सगळं इस्माईलभाईंना सांगून टाकलं. दुसरं होतं कोण. इस्माईलभाईंनी एकच प्रश्न केला, पेपर मागं घेतला तर केंद्र राहील का. बाई म्हणाल्या, बहुतेक नाही. इस्माईलभाईंना निवृत्तीला चार वर्षं होती, घरात मुलगा, सून, नातू. निम्मी खाडी संपली. नुसते सुकाणू धरून उभे.

मग म्हणाले, "माझा नातू रोज विचारतोय, तिसऱ्या कधी उघडणार."

तेवढंच. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. धक्क्याला लाँच लावली आणि दोर बांधत बसले.

संध्याकाळी ऊन होतं तोवरच बाईंनी संपादकाला पत्र लिहिलं. माझ्या पेपरातली अमुक ओळ चुकीची आहे, पेपर मागं घेते. पाठवलं, आणि मग नुसत्या बसून राहिल्या. कारण पत्र छापायला निदान महिना. खाडी उघडायला एक रात्र.

आता आडवण्याची एक पद्धत होती. बंदी उठायच्या दिवशी बायका ओहोटीला डोक्यावर पाट्या घेऊन यायच्या, किनाऱ्यावरच तीन दगडांची चूल मांडून पहिला घाणा उकडायच्या, आणि पहिली तिसरी डॉक्टरीणबाईंना द्यायच्या. बाईंनी ती सगळ्यांसमोर खायची. मगच पाट्या उचलून बाजारात जायचं. पंधरा-वीस वर्षांचा पायंडा. कागद कुणी वाचलेला नव्हता, पण डॉक्टरीणबाईंचं तोंड सगळ्यांनी बघितलेलं होतं.

आठव्या दिवशी सकाळी चाळीसेक बायका. पुढं गुलाब भाटकर, साठीची, आवाज असा की पलीकडच्या काठावरचं कुत्रं उठावं. बाई येताना दिसल्या तशी तिनं झाकण काढलं. सात दिवस घरी बसवलंत, आता या लवकर, असं काहीतरी बोलली. बायका हसल्या. शिंपलं उघडून, फुंकर मारून तिनं बाईंपुढं धरलं.

बाईंचा हात वर गेला नाही.

त्यांनी बोलायचं ठरवून ठेवलं होतं, पाणी, अंश, शेवाळ. त्याऐवजी शिंपल्याकडंच बघत राहिल्या. वाफ निघत होती शिंपल्यातून, गुलाबचा हात तसाच, आणि मागच्या बायका पुढं सरकल्या, एकेक करून.

"खात नाही तुमी?" गुलाबनं विचारलं.

"नाही."

"तुमच्याच कागदावर आमाला सात दिस बसवलं."

"कागद चुकला. माझ्याकडनं चुकला."

मग गलका झाला. कुणी म्हणालं शेजारच्या खाडीवाल्यांचं हे काम आहे, त्यांनी बाईंना फितवलं. कुणी म्हणालं सरकारनं उघडलंय तर ही कोण बंद करणारी. एकीनं तर विचारलं, आता आम्ही खायचं काय, तुमचा कागद? बाई ऐकत उभ्या राहिल्या. गुलाबनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"मग किती दिस थांबायचं? तेवढं सांगा."

"माहीत नाही, गुलाबबाय."

"दहा? पंधरा?"

"माहीत नाही. रोज आणा, मी रोज तपासून देईन."

"इतकं शिकून माहीत नाही. तो सात म्हणणारा सायेब बरा मग. कायतरी सांगतो तरी."

ती एवढं बोलली खरी, पण बघत होती बाईंच्या तोंडाकडं. किती वेळ बघितलं कोण जाणे. मग पातेल्याला फडकं लावून तिनं ते उचललं आणि सगळंच्या सगळं चिखलात ओतलं. मागं वळून न बघता पाटी रिकामी करून चालू लागली. तिच्यामागं दुसरी. सगळ्या नाही गेल्या, पण बाजारात आडवण्याची पाटी त्या दिवशी एकही दिसली नाही.

आडवण्याच्या खाडीचं विष उतरायला चौतीस दिवस लागले.

पण किनारा काही आडवण्यापुरता नाही. दोन खाड्या सोडून पलीकडं आठव्या दिवशी विक्री झाली, नियमाप्रमाणं. एका साखरपुड्याचं जेवण होतं. अकरा जणांना दवाखान्यात नेलं, दहा घरी आले. बाईंना कळलं तेव्हा त्या तिथं गेल्या, त्या घरी. दारात बसून राहिल्या. आत कुणी बोलावलं नाही आणि त्या उठल्याही नाहीत, दिवस मावळेपर्यंत.

पत्र महिन्यानं छापून आलं. एवढ्या मोठ्या पेपरची एवढी जुनी चूक, तर गाजणारच. जगभर लिहिलं गेलं. कुणी बाईंची बाजू घेतली, कुणी त्यांना झोडपलं, आणि ज्यानं त्यानं शेवटच्या यादीत तो पेपर घातला. चुकीचा म्हणून का असेना, नाव घेतलंच. उगमनं पुढच्या खेपेला गाठ सोडून बघितली, तर जाळं आणखीच ढिलं पडत होतं. ओढ सत्त्याण्णव.

केंद्र बंद झालं नाही. नाचणकर साहेबांकडून अभिनंदनाचं पत्र आलं. बाईंनी ते इस्माईलभाईंना वाचायला दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

नियम बदलायला समिती बसली. तिनं उगमला विचारलं, सात दिवसांच्या बाजूनं काय आहे. दोनशे चौदा पेपर, ओढ सत्त्याण्णव. गरम पाण्याच्या बाजूनं? बाईंचा नवा पेपर, ओढ दोन. समितीनं लिहिलं, विचाराधीन. अजून विचाराधीनच आहे.

म्हणून बाई उन्हाळ्यात लाँच घेऊन निघतात. इस्माईलभाई निवृत्त झाले, तरी सुकाणूवर तेच. एकेका खाडीत उतरायचं, बायकांना गाठायचं, तोंडानं सांगायचं. काही ठिकाणी ऐकतात. काही ठिकाणी सरकारी फलक दाखवतात, त्याच्यावर लिहिलंय सात, आणि खाली बाईंचंच नाव. बाईंना आता दम लागतो. सगळ्या खाड्या एका उन्हाळ्यात होत नाहीत, आणि पाणी दर वर्षी लवकर तापतंय.

तुम्ही उद्या किनाऱ्यानं खाली जाणार म्हणालात. वाटेत तीन-चार खाड्या लागतील. पाणी लाल दिसलं तर गाडी थांबवा, कुणी पाटी घेऊन बसली असेल तिच्याशी दोन शब्द बोला. म्हणावं, पाणी गरम आहे, सात दिवस पुरत नाहीत. मग ती विचारेल, किती दिवस थांबू. सगळ्या तेच विचारतात, आणि आपल्याला वाटतं काहीतरी सांगून बाईला मोकळं करावं. माझं एवढं ऐका. आकडा देऊ नका. माहीत नाही म्हणा, आणि पाटीतल्या मूठभर तिसऱ्या तपासायला आडवण्याला पाठवायला लावा.